चाँदभाईंचा दात

६ जानेवारी, मंगळवार

अखेर विभागप्रमुखांनी सही केली. तिसऱ्या वर्षाची पाच मुलं, एक सत्र आणि कॉलेजबाहेरचा एक खराखुरा भागीदार. त्याची खरी अडचण घ्यायची आणि सोडवून दाखवायची. दोन वर्षं मी हे मागत होते.

अट मात्र कडक आहे. सत्राच्या शेवटी भागीदारानं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं की हे काम आम्हाला उपयोगी पडलं. ते पत्र आलं नाही तर पाचही जण या विषयात नापास, आणि पुढच्या वर्षापासून पुन्हा जुना खेळ सुरू. म्हणजे मुलांनी पुण्यातून तयार मॉडेल विकत आणायचं, त्याला वरून रंग मारायचा आणि आम्ही गंभीर चेहऱ्यानं गुण द्यायचे. विभागप्रमुख म्हणाले, "स्नेहल मॅडम, जोखीम तुमची." मी म्हटलं, माझीच. आठ वर्षं चाकणच्या कारखान्यात काढली आहेत, काम कुठं अडतं ते मला दारातून दिसतं.

भागीदारही ठरला. कामशेतची चाँदभाईंची भातगिरणी. गटातली नुसरत कामशेतचीच आहे, त्यांना चाचा म्हणते, तिनंच सुचवलं. पोरगी हुशार आहे, पण आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागतं.

संदेशला रात्री जेवताना सांगितलं तर म्हणाला, "बिचारी गिरणी." नवरा आहे म्हणून सोडून दिलं.

९ जानेवारी, शुक्रवार

आज पहिली भेट. मुलं नवी वही-पेन घेऊन आली होती. आदिनाथनं तर इस्त्रीचा शर्ट घातला होता, गिरणीत शिरल्यावर पाच मिनिटांत तो कोंड्यानं माखला.

चाँदभाई साठीचे असतील. पांढरी टोपी, पट्ट्यांचा कडक लेंगा, बोलणं कमी. माणसं कणगीतलं भात काढतात, घरी ऊन देतात आणि इथं भरडायला आणतात. चाँदभाई पोत्यात हात घालतात, एक दाणा दाताखाली धरतात, कट् असा आवाज ऐकतात आणि निकाल देतात. एकाला म्हणाले, "अजून एक ऊन दाखवा, आबा." आबा लगेच पोतं उचलून गेले. कोर्टातसुद्धा एवढ्या लवकर निकाल लागत नाही.

पण माझी नजर दुसरीकडंच होती. शेडच्या सावलीत चाळीस पोती नुसती उभी. दातानं पास झालेलं भातसुद्धा लगेच भरडत नाहीत, एक रात्र तिथं ठेवतात. कारखान्यात असा थांबलेला माल दिसला असता तर आमच्या साहेबांनी डोक्यावर हात मारला असता. मी मुलांना हळूच म्हटलं, "दिसली का अडचण?"

चाँदभाईंनी एकच प्रश्न विचारला. "हे कदीपर्यंत व्हईल?"

"मार्चच्या मध्यापर्यंत."

"त्याआदी न्हाई का व्हनार? फेब्रुवारीच्या पंधरा-सोळापर्यंत?"

मला फार बरं वाटलं. असा तारखेचा पक्का माणूस भागीदार म्हणून मिळायला भाग्य लागतं.

मग त्यांच्यापुढं कॉलेजचा फॉर्म ठेवला. त्यात 'आपली अडचण आपल्या शब्दांत' असा एक रकाना आहे. ते मान खाली घालून बराच वेळ लिहीत होते. तोपर्यंत मी पोती मोजून घेतली. निघताना त्यांनी कागदाची नीट घडी करून दिली, ती मी तशीच फाइलला लावली. अडचण तर डोळ्यांसमोर उभी होती.

हमाल विठ्ठलभाऊ दिवसभर तोंडावर गमछा धरून होते. कोंड्याचा त्रास होत असावा. मास्कबद्दलही आपल्या अहवालात लिहिता येईल.

१६ जानेवारी

मोजमाप झालं. एक पोतं गिरणीत सरासरी सव्वीस तास थांबतं आणि अकरा मिनिटांत भरडून होतं. सव्वीस तास आणि अकरा मिनिटं. हे आकडे मी फळ्यावर लिहिले आणि मुलांकडं बघत उभी राहिले. त्यांनाही पटलं.

आदिनाथ भाताची ओल मोजणारी डबी करतोय. वाटीत मूठभर भात टाकायचं, आकडा दिसतो. चौदाच्या आत आला की भात कोरडं. मग थांबायचं कारण काय?

जाताना नुसरत दारात घुटमळत होती. "मॅडम, चाचांचं ते रमजानचं..." मी म्हटलं, काळजी करू नकोस, रमजानात तुझ्या वेळा जुळवून घेऊ. ती म्हणाली, "माझं नाही, मॅडम..." तेवढ्यात विभागप्रमुखांचा फोन आला. मुलांच्या अडचणी आपण न सांगता ओळखल्या पाहिजेत, त्यानं त्यांना बळ येतं.

२४ जानेवारी, शनिवार

डबी चालली! दहा पोत्यांत आठ वेळा डबीचा आणि चाँदभाईंच्या दाताचा निकाल एकच आला. चाँदभाईंनी डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली. इतकं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"म्हंजी दाताचं काम ही करनार?"

"त्याहून जास्त. तुमची पोती थांबणारच नाहीत. आलं, मोजलं, भरडलं."

ते विठ्ठलभाऊंकडं बघायला लागले. विठ्ठलभाऊ गमछ्याआड हसले. काय झालं ते मला कळलं नाही, पण वातावरण चांगलं होतं. दोन चुकलेल्या निकालांवर आदिनाथ अजून काम करतोय.

३० जानेवारी

आज थोडा वाद झाला. तिकोणा पेठेच्या धोंडाबाई चार पोती घेऊन आल्या होत्या. त्यांचा इंद्रायणी तांदूळ लोणावळ्यातला एक दुकानदार घेतो, पण अख्खा दाणा असेल तरच. कणी निघाली की तो हात लावत नाही. पोत्यांची तोंडं जुन्या लुगड्याच्या निळ्या पट्टीनं बांधलेली, कुणाची पोती ते लांबूनही कळावं. भात दुपारच्या उन्हातून थेट टेम्पोत आलेलं, हाताला गरम लागत होतं. डबीवर आकडा तेरा.

मी म्हटलं, हीच ती वेळ. थांबायचं नाही, लगेच भरडून दाखवू.

चाँदभाई म्हणाले, "निवू द्या, मॅडम. आजची रात सावलीला ऱ्हाऊ द्या."

"पण तेरा आहे. दातानंही पास केलंय ना तुम्ही?"

"केलंय."

"मग?"

त्यांनी एकदा मुलांकडं पाहिलं. चौघं माझ्या बाजूनं माना हलवत होते. नुसरत मात्र जमिनीकडं बघत होती. चाँदभाई म्हणाले, "बरं. उद्या दुपारी या. उन्हातनं काढलेलं भात तयार ठेवतो. तुमच्या म्हनन्यापरमानं लावू."

जिंकले. धोंडाबाई तोपर्यंत एसटीनं गेल्या होत्या, त्यांना उद्या निरोप जाईलच.

३१ जानेवारी, शनिवार

काय लिहू.

दुपारी अडीचला भात गिरणीत टाकलं. उन्हात तापलेलं, डबीवर तेरा. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं. काल निळी पट्टी पाहिल्यासारखी वाटत होती, पण त्या गडबडीत कोण बघतं. पट्टे फिरले, कोंडा उडाला आणि खाली तांदूळ पडायला लागला. तांदूळ कसला, निम्मी कणीच होती. आदिनाथ ओंजळीत घेऊन बघतच राहिला. दाणे मधूनच तडकलेले होते.

विठ्ठलभाऊंनी कणी वेगळ्या पोत्यात भरली. मी चाँदभाईंची तीनदा माफी मागितली, तर म्हणाले, "व्हतं असं." त्या दोन शब्दांपेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

धोंडाबाईंचं वर्षाचं भात मी माझ्या हुशारीपायी मोडलं. दुकानदार घेणार नाही. आणि चाँदभाई कशाला पत्र देतील? पाच मुलं नापास होणार आणि विभागप्रमुख म्हणणार, मी सांगितलं होतं. ते म्हणतीलच, त्यांचं ते आवडतं वाक्य आहे.

मला आज पहिल्यांदा वाटलं की आपण या कामाला लायक नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच स्कूटर काढून तिकोणा पेठेला गेले. संदेश म्हणाला, मी येतो. नको म्हटलं. माफी एकटीनंच मागायची असते.

धोंडाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तुमच्या भाताची कणी झाली, चूक माझी आहे, भरपाई करून देईन.

"माजं भात? आवं बाय, माजं भात काल सकाळच्याला भरडून आलं की. त्यो बघ."

ओसरीवर चार पोती होती. एकाचं तोंड सोडून त्यांनी तांदूळ माझ्या हातावर ओतला. अख्खा, लांब, वास घरभर.

"चाँदभाऊनी सांगितलं व्हतं, मॅडमचा काय तरी प्रयोग हाय, त्यात तुमचं पोतं न्हाई घालत, माज्या घरचं घालतो. तुला न्हाई म्हाईत व्हय?"

मी खालीच बसले. त्यांनी पाणी आणून दिलं, मग चहा, मग शेंगांची टोपली माझ्या पुढ्यात सरकवली. मी सोलायला लागले.

"उन्हातनं आनलेला दाना वरनं कोरडा आन् आतनं ओला आसतो," त्या म्हणाल्या. "तसाच घातला का तडकतो. एक रात सावलीला ठेवला का आतली ओल सगळीकडं सारकी व्हती. आमच्यातल्या बारक्या पोरांना पन ठावं हाय. तुला कुनी न्हाई सांगितलं?"

सांगितलं होतं, मावशी. निवू द्या म्हणाले होते. मी तेरा म्हटलं.

निघताना त्यांनी शेरभर तांदूळ बांधून दिला. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

२ फेब्रुवारी

गिरणीत गेले. मुलांसमोरच विचारलं, "स्वतःचं भात का घातलंत?"

चाँदभाई यंत्राला तेल देत होते. "बाईचं कशाला मोडायचं? पोरं डोळ्यानं बगतील, हातात घेतील, मंग जन्मात इसरनार न्हाईत. नुसतं सांगून कोन ऐकतंय."

"आणि मी?"

"तुमी बी न्हाई इसरनार."

पोरं हसली, मग मीही हसले. दुसरं काय करणार? फळ्यावरचे सव्वीस तास आणि अकरा मिनिटं मी कॉलेजात परत गेल्यावर स्वतःच्या हातानं पुसले.

आजपासून गटाचं नेतृत्व नुसरतकडं. मी बाकावर बसून ऐकणार. तिनं लगेच सांगितलं की सावलीतल्या पोत्यांना हात लावायचा नाही, आधी डबी आणि दात यांची गाठ घालायची. रोज वीस पोती घ्यायची. चाचा चावतील, आम्ही मोजू, आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी लिहू. आवाज बारीकच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आणि हे सतरा तारखेच्या आत संपलं पाहिजे," ती म्हणाली. परीक्षेआधी मोकळं व्हायचं असेल. नियोजन आवडलं.

११ फेब्रुवारी

दीडशे पोती झाली. चाँदभाई चावतात, आदिनाथ मोजतो, नुसरत लिहिते. डबी कुठं चुकत होती ते सापडलं. भात गरम असलं की ती आकडा कमी दाखवायची. आदिनाथनं आत तापमान बघणारा एक तुकडा बसवला. आता भात तापलेलं असेल तर आकडा येतच नाही, लाल दिवा लागतो. म्हणजे आधी सावलीला ठेवा. जे धोंडाबाईंच्या गावात बारक्या पोरांना ठाऊक आहे, ते आता आमच्या डबीलाही ठाऊक झालं.

चाँदभाई म्हणाले, "दिवसाला वीस पोती चावून माजा जबडा दुकायला लागला. पर लिवा. सगळं लिवा."

एवढा उत्साह कुठून आणतात कळत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं त्यानं महिनाभराचा शीण गेला.

रोजे सुरू झालेत. मी गिरणीत पोचले तेव्हा सहा-सात माणसं पोती घेऊन उभी होती. चाँदभाई खुर्चीवर बसलेले, दाणा तोंडात घालत नाहीत. घालणार कसे, रोजा आहे. एका म्हाताऱ्यानं विठ्ठलभाऊंना हाक मारली, "विठ्ठल, तू चाव की, दरसाल तूच चावतो." विठ्ठलभाऊंनी गमछा खाली केला आणि हसले. वर-खाली एकही दात नाही. कवळी खिशातून काढून दाखवली, म्हणाले, "हिला कट् ऐकू येत न्हाई."

सगळे हसले. मग चाँदभाईंनी आत हाक मारली, "नुसरत, दात आन."

आणि नुसरतनं आमची डबी आणली. एकेक पोतं मोजलं. एकाला लाल दिवा, सावलीला. एकाचा आकडा सतरा, अजून एक ऊन. म्हाताऱ्यानं वाटीत डोकावून बघितलं आणि ऐकलं. त्यानं ऐकलं! साठ वर्षं दातावर विश्वास ठेवलेला माणूस.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थांबलेली पोती ही अडचण नव्हतीच. रमजानात भात पारखणार कोण, ही होती. चाँदभाईंना स्वतःलाही ती कधी मांडता आली नसावी. वर्षानुवर्षं सवयीनं चालून गेलेलं असतं, माणसाला आपली अडचण आपल्याला दिसत नाही. ती आपणच हुडकावी लागते. उशिरा का होईना, आम्ही हुडकली. सादरीकरणाची सुरुवात याच वाक्यानं करणार.

नुसरतला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हो, मॅडम." पुढं काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. लाजरी आहे.

१० मार्च

परवा नाही, तेरवा सादरीकरण. पत्र अजून आलेलं नाही. फोन केला तर चाँदभाई म्हणाले, "लिवतो. पोरांना घाबरू नका म्हनावं." मला घाबरू नका म्हणाले नाहीत.

१३ मार्च, शुक्रवार

सगळं सविस्तर लिहायला हवं, नाहीतर उद्या सकाळपर्यंत मी त्याला सोयीस्कर वळण देऊन टाकीन.

सभागृह भरलेलं. विभागप्रमुख पहिल्या रांगेत, शेजारी बाहेरून आलेले दोन परीक्षक. चाँदभाई आणि विठ्ठलभाऊ धुतलेले कपडे घालून आलेले, विठ्ठलभाऊंनी कवळी बसवली होती. धोंडाबाईही आल्या, पदरात तांदळाची पुरचुंडी घेऊन.

मी उठले आणि ते वाक्य म्हटलं. भागीदाराला स्वतःची अडचण सांगता येत नाही, ती आपण हुडकावी लागते. दोनच मिनिटं बोलले, पण छान बोलले. परीक्षकांनी ते लिहूनही घेतलं. मग मुलांनी डबी चालवून दाखवली. आदिनाथ चुकला नाही. नुसरतनं कणी झालेल्या दिवसाचीही गोष्ट सांगितली, काही न लपवता, फक्त माझं नाव न घेता.

मग विभागप्रमुखांनी पत्र मागितलं. चाँदभाईंनी खिशातून घडी काढून दिली. विभागप्रमुखांनी ते मोठ्यानं वाचलं.

"नऊ जानेवारीच्या कागदात मी जे लिहून दिलं होतं, ते तसंच करून मिळालं. पोरं चांगली आहेत. चाँदभाई, भातगिरणी, कामशेत."

विभागप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं. "नऊ जानेवारीचा कागद?"

फाइल माझ्यासमोरच होती. सगळ्यात खालचा कागद काढला. घडी नऊ जानेवारीला घातली तशीच होती, कधी उघडलेली नव्हती, हे पहिल्या रांगेत बसलेल्यालाही दिसलं असेल. मी तो नुसरतकडं दिला. तिनं वाचला, बारीक आवाजात, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

"रोज्याच्या महिन्यात मला भात चावून बघता येत नाही. विठ्ठल चावायचा, यंदा त्याचे दात गेले. दाताचं काम करील असं काहीतरी रमजानच्या आत करून द्यावं. पोती सावलीला ठेवलेली असतात, त्यांना हात लावू नये, ती मुद्दाम ठेवलेली आहेत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

परीक्षक म्हणाले, "म्हणजे त्यांना सांगता येत होतं."

"हो," मी म्हटलं. "मला वाचता आलं नाही. मघाचं माझं वाक्य खोडून टाका."

त्यांनी खरंच खोडलं. मी बघितलं.

पाचही जण पास झाले. विभागप्रमुख म्हणाले, हा विषय पुढच्या वर्षीही चालू राहील, फक्त त्या फॉर्मची एक प्रत त्यांच्याकडं पहिल्याच दिवशी आली पाहिजे. मी म्हटलं, मी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवीन. बाहेर चाँदभाई भेटले. मी विचारलं, "एवढं सगळं लिहून दिलं होतं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत, की मॅडम, कागद वाचा?"

"मला वाटलं, वाचलाय," ते म्हणाले. "वाचूनसुदा तुमचं दुसरंच चाललंय म्हनल्यावर म्हनलं, शिकलेली मानसं हायेत, काय तरी आसंल मनात."

धोंडाबाईंनी पुरचुंडी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, भात मऊ शिजव, जास्त पाणी घालू नको. ते मात्र मी लगेच लिहून घेतलं.

मुलं म्हणाली, हारतुरे नकोत, वडापाव पाहिजे. नुसरतचा रोजा असल्यामुळं सूर्यास्तापर्यंत सगळेच थांबले, आपणहून. तिच्या शेजारी बसायचं आज धाडस झालं नाही. उद्या तिला बोलावून विचारायचं आहे, सोळा जानेवारीला दारात उभी राहून ती मला काय सांगत होती. आणि ती सांगून होईपर्यंत फोन बंद ठेवायचा आहे.